घशातला कॅमेरा

श्वासनलिकेत ट्यूब घालण्याचं तंत्र मोठ्या माणसांसाठी निघालं आणि पुढे आकार कमी करून ते मुलांना लावलं, असं वाटणं साहजिक आहे. पण रोजच्या कामातलं तंत्र म्हणून ते रुजलं मुलांच्याच वॉर्डात. न्यूयॉर्कचं फाउंडलिंग हॉस्पिटल हे टाकून दिलेल्या मुलांसाठीचं रुग्णालय. १८८०च्या दशकात तिथे मुलं घटसर्पाने गुदमरून मरत होती. घशात करडा पापुद्रा धरायचा, तो स्वरयंत्रापर्यंत पसरायचा आणि श्वासाची वाट बुजायची. गळ्याला बाहेरून छेद देण्याचा उपाय होता, पण त्या रुग्णालयात त्याचा अनुभव फार वाईट होता. तिथल्या जोसेफ ओड्वायरने धातूची आखूड नळी तोंडातूनच स्वरयंत्रात बसवायचं मनावर घेतलं.

त्याची रीत अशी. परिचारिकेने मुलाला चादरीत गुंडाळून मांडीवर घट्ट धरायचं. तोंड मिटू नये म्हणून जबड्यात चाप लावायचा. डॉक्टरने डाव्या हाताची तर्जनी जिभेच्या मुळापलीकडे घालायची, श्वासाच्या वाटेवरची झडप चाचपून वर उचलायची आणि त्या बोटाच्या कडेने नळी खाली सरकवायची. दिसत काहीच नसे. सगळा भरवसा बोटावर. नळीला रेशमाचा दोरा असायचा, चुकून अन्ननलिकेत गेलीच तर ओढून काढायला. त्याच्या पेटीत एक मोजपट्टी असे. कितव्या वर्षाच्या मुलाला कोणती नळी हे तिच्यावर कोरलेलं असायचं. आज बालरोग विभागात ट्यूबचा आकार काढायला वय भागिले चार अधिक चार हे जे तोंडी गणित करतात, ते मला त्या पट्टीचं नातवंड वाटतं.

ओड्वायरने १८८५ साली हे प्रसिद्ध केलं. त्याच्याआधी, १८५८ साली, पॅरिसच्या बूशूने असाच प्रयत्न केला होता, पण तिथल्या वैद्यक अकादमीने तो मोडीत काढला. पुढे १८९४पासून घटसर्पावरचं प्रतिविष वापरात आलं आणि ओड्वायरच्या पेट्यांची गरज हळूहळू कमी होत गेली.

बोटाच्या जागी डोळा आला तो निराळ्याच घराण्यातून. मॅन्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा माणूस. सूर निघतो तेव्हा आत काय हलतं हे त्याला बघायचं होतं. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं जिवंत स्वरयंत्र पाहिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. पण ते आरशातलं प्रतिबिंब. थेट नजर पोचवली बर्लिनच्या आल्फ्रेड कर्स्टाइनने, १८९५ साली. अन्ननलिका तपासायची नळी एका रुग्णाच्या श्वासनलिकेत घसरल्याचं कानावर आलं आणि त्याला सुचलं की आरशाशिवायही तिथवर सरळ बघता येईल.

जीभ सारून स्वरयंत्र थेट दाखवणारी पुढची पाती सगळ्या भूलतज्ज्ञांना पाठ असतात. रॉबर्ट मिलरचं सरळ पातं १९४१चं, आणि तान्ह्या बाळांसाठी त्याची छोटी आवृत्ती १९४६ची. ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉशचं वाकडं पातं १९४३चं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तोंड उघडं ठेवणारा चाप जरा मोठ्या मापाचा बसला, तोंड उघडताच स्वरतंतू समोर दिसले, आणि त्यावरून त्याला हे पातं सुचलं.

मुलाच्या घशात मात्र ही थेट नजर सहज लागत नाही. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र मोठ्या माणसापेक्षा वर, झडप लांबट आणि लुळी. डोक्याचा मागचा भाग एवढा मोठा की पाठीवर ठेवलं की मानच दुमडते, म्हणून तान्ह्या बाळाच्या खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सारतात. शिवाय वेळ नसतो. बाळाचं शरीर किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीने ऑक्सिजन जाळतं, त्यामुळे श्वास थांबल्यावर मॉनिटरवरचं सॅच्युरेशन बघता बघता कोसळतं. ट्यूब बसल्यावरही सुटका नाही. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची. हनुवटी खाली झुकली की ट्यूब आत सरकते, वर गेली की बाहेर. हेच मूल रस्त्यावरच्या अँब्युलन्समध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला काय होत असेल ते लक्षात येईल.

म्हणूनच २००० साली लॉस एंजेलिस आणि ऑरेंज परगण्यांतल्या अभ्यासाने अनेकांची झोप उडवली. रुग्णालयात पोचण्याआधी श्वासाला आधार लागलेली १२ वर्षांपर्यंतची ८३० मुलं त्यात होती. काहींना पॅरामेडिकनी नुसत्या मास्क आणि पिशवीने श्वास दिला, काहींना ट्यूबही घातली. पहिल्या गटातली ३० टक्के मुलं जगली, दुसऱ्यातली २६. म्हणजे ट्यूबचा फायदा दिसलाच नाही. काहींची ट्यूब वाटेत निसटली, आणि काहींची निसटल्याचं कुणाला कळलंच नाही. (ती पिशवी म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून मूल शिफ्ट करताना सगळे जिला ‘अंबू’ म्हणतात तीच. ती रुबेन आणि हेस्से या जोडीची, १९५६ साली कोपनहेगनहून आलेली.) माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात उपयोगी धडा याच अपयशाने दिला: घाईने ट्यूब घालण्यापेक्षा नीट श्वास देत राहणं बरं, आणि घालायचीच तर ती आत आहे हे सतत कळत राहिलं पाहिजे.

कॅमेरा आणला तो जॅक पेसी या कॅनडातल्या सर्जनने. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत सर्जन पडद्याकडे बघून काम करतात, मग घशात का नको, हा त्याचा प्रश्न. २००१ साली त्याचं ग्लाइडस्कोप बाजारात आलं. पातं तब्बल ६० अंशांत वाकवलेलं, मध्ये कॅमेरा, आणि काचेवर बाष्प धरू नये म्हणून ऊब देणारी सोय. त्याच साली लंडन भागात अत्यवस्थ मुलांना छोट्या रुग्णालयांतून आणण्यासाठी चिल्ड्रन्स ॲक्यूट ट्रान्सपोर्ट सर्व्हिस सुरू झाली. अशी पथकं होता होईतो चालत्या गाडीत ट्यूब घालत नाहीत. आधी त्या छोट्या रुग्णालयातच मुलाला स्थिर करतात, आणि मग निघतात.

पेसीच्या वाकड्या पात्याची एक खोड आहे. स्वरतंतू पडद्यावर स्वच्छ दिसतात, पण ट्यूब त्या वळणावरून आत वळत नाही. ट्यूबमध्ये वाकवलेली सळई, म्हणजे स्टायलेट, घालावी लागते. बर्सी आणि कॅप्लान या डॉक्टरांनी २००२मध्ये दुसरी वाट धरली: जुन्याच घडणीच्या पात्याला कॅमेरा. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मला हीच शाखा जास्त कामाची वाटते, कारण पडदा बंद पडला तरी त्याच पात्यावरून डोळ्याने बघता येतं.

मोठा फरक मात्र कोनाने पडला नाही. जुन्या पद्धतीत दिसायचं ते ट्यूब घालणाऱ्या एकट्यालाच. सहायक गळ्यावर बाहेरून दाब द्यायचा तो ‘थोडं डावीकडे, अजून खाली’ असल्या सूचनांवर. पडदा असला की आपल्या बोटाखाली स्वरयंत्र कसं सरकतं हे त्यालाच दिसतं. परक्या रुग्णालयात, रात्री, तीन-चार माणसांच्या पथकात ट्यूब स्वरतंतूंमधून गेल्याचं सगळ्यांनी एकदम पाहिलेलं असतं. त्यावर कॅप्नोग्राफवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली की खात्री पटते, आणि ती लाट मग वाटभर नजरेसमोर ठेवतात.

पुरावाही जमत गेला. २०२०मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेपाचशेहून अधिक तान्ह्या बाळांवरच्या अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात ट्यूब बसण्याचं प्रमाण कॅमेऱ्याने ९३ टक्के, त्याशिवाय ८८ टक्के निघालं. डब्लिनमधल्या नवजात बाळांत, २०२४ साली, फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता: ७४ विरुद्ध ४५. पण पहिला अभ्यास ऑपरेशन थिएटरमधला आणि दुसरा प्रसूतिगृहातला. हेलिपॅडवरच्या भर दुपारच्या उन्हात तोच पडदा पांढराफटक पडतो. गार्सियाला जे ऊन हवं होतं ते इथे आडवं येतं. रक्ताचा किंवा कफाचा एक थेंब काचेवर बसला तरी चित्र जातं. बॅटरीचं तर विचारूच नका. त्यामुळे बॅगेत कॅमेऱ्याशेजारी मिलरचं साधं पातं ठेवावंच लागतं, आणि त्याचा दिवा लागतो की नाही हे मूल ताब्यात घेण्याआधी बघायचं असतं.