टॉर्क रेंचची कुळकथा

इंजिनाचे हेड ब्लॉकवर ठेवायचे, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळायचे आणि किती आवळले ते टॉर्क रेंचने मोजायचे, ही रीत मोटारीइतकी जुनी नाही. सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांना वेगळे हेडच नसे. सिलिंडर आणि त्याचे झाकण एकाच ओतकामातून निघे. सांधाच नसल्याने तिथून गळतीची भीती नव्हती. पण आत साचलेला कार्बन खरवडायचा तर अख्खा सिलिंडर उतरवावा लागे, आणि एका तोंडाने बंद असलेला बोअर घासूनपुसून मापात आणणे हेही जिकिरीचे काम होते.

फोर्डच्या 1908 च्या मॉडेल टीमध्ये चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले होते आणि वर सुटे हेड 15 बोल्टांनी बसवलेले होते. मधल्या गॅस्केटमध्ये तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस भरलेले असे. सुटे हेड ही काही एकट्या फोर्डची कल्पना नव्हे. पण 1927 पर्यंत या मॉडेलच्या दीड कोटी गाड्या निघाल्या आणि हेड उतरवणे-चढवणे हे अमेरिकेत गावोगावच्या गॅरेजचे नेहमीचे काम झाले. या इंजिनाचे कॉम्प्रेशन जेमतेम चार-साडेचारपट होते, त्यामुळे हाताच्या अंदाजाने आवळलेले बोल्टही निभावून नेत.

हा अंदाज पुढे अपुरा पडू लागला. 1923 मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले, पुढच्याच वर्षी क्रायस्लरची पहिली गाडी ‘हाय कॉम्प्रेशन’ इंजिनाचा गाजावाजा करत बाजारात उतरली, आणि सिलिंडरमधला दाब वाढतच गेला. आजच्या 80 मिलिमीटर बोअरच्या साध्या पेट्रोल इंजिनात स्फोटाचा दाब 60 बारपर्यंत गेला, तर प्रत्येक स्फोटाला हेड सुमारे तीन टनांच्या जोराने वर ढकलले जाते. बोल्ट सैल राहिले तर गॅस्केट उडते. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी आवळले गेले तर हेड वाकडे बसते. जोर जास्त झाला तर आटे जातात किंवा बोल्टच तुटतो.

जोर मोजणारा पाना मात्र मोटारीसाठी जन्मला नाही, असे दिसते. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांनी जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरील बोल्ट अति आवळले जाऊ नयेत म्हणून 1918 मध्ये तो बनवला, असे सांगितले जाते. पेटंटसाठी पहिला अर्ज मात्र शिकागोच्या जॉन शार्प यांचा, 1931 सालचा. बार यांनी जॉर्ज फेफर्ले यांच्यासह घेतलेले पेटंट 1935 सालचे आहे. त्यांच्या पान्यात जोर आधी ठरवून ठेवता येई आणि तो गाठला की आवाज होई. काटा दाखवणारा, दांडीचा पाना क्रायस्लरकडे आकाराला आला. तो बनवण्याचा परवाना पॉल स्टर्टेव्हंट यांना मिळाला आणि त्यांनी तो बाजारात आणला. हा काट्याचा पाना रचनेने इतका सरळ आहे की त्याची करामत पटकन लक्षात येत नाही. जोर लावला की मुख्य दांडी किंचित वाकते. शेजारच्या बारीक सळईवर भार नसतो, म्हणून ती सरळच राहते आणि तिचे टोक पट्टीवरचा आकडा दाखवते. स्प्रिंग नाही, खटका नाही, त्यामुळे बिघडायला फारसे काही नाही. ‘कट्ट’ वाजणारा पाना वापरायला सोपा, पण त्याची स्प्रिंग काळाने मऊ पडते. म्हणून काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतात.

खरी अडचण वेगळीच आहे. हेड दाबून धरते ते बोल्टचे ताणले जाणे, आणि पाना मोजतो ते पिळणे. लावलेल्या जोरातला जवळपास निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांत मुरतो आणि ताणायला उरतो दहावा हिस्सा. 10 मिलिमीटरचा कोरडा बोल्ट 60 न्यूटन-मीटरला आवळला की त्यात साधारण 30 हजार न्यूटनचा ताण येतो. तोच तेल लावून तितक्याच आकड्याला आवळला, तर ताण 40 हजारांच्या घरात जातो. म्हणून आटे साफ करणे आणि पुस्तकात सांगितले असेल तिथे, तेवढेच तेल लावणे हा मापाचाच भाग आहे. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल तर आवळताना ते दाबले जाते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तेव्हा भोके आधी कोरडी करून घ्यावी लागतात.

मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेर सरकायचे आणि एका दमात न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, हा क्रम गॅस्केट सर्वत्र सारखे दबावे म्हणून आहे. ॲस्बेस्टॉसची गॅस्केट तापून बसत, त्यामुळे काहीशे किलोमीटरनंतर हेड पुन्हा टाइट करावे लागे. पोलादी पत्र्यांच्या थरांची गॅस्केट आल्यावर हे काम बहुतेक गाड्यांत उरले नाही.

घर्षणाच्या लहरीपणावर पुढे तोड निघाली ती कोनाची. आधी टॉर्क रेंचने माफक जोर द्यायचा, मग आकडा सोडून बोल्ट अंशांत फिरवायचा. फोक्सवॅगनच्या 1.9 लिटर टीडीआय डिझेलमध्ये 40, मग 60 न्यूटन-मीटर आणि त्यानंतर दोनदा 90-90 अंश, असा क्रम आहे. दीड मिलिमीटर पिचचा बोल्ट पाव फेरा फिरला की पाऊण मिलिमीटरच्या निम्मा पुढे सरकतो, मग आट्यांत तेल असो वा नसो. अशा पद्धतीत बोल्ट बहुधा लवचिकतेची हद्द ओलांडेपर्यंत ताणतात, कारण तिथे थोडा कोन कमी-जास्त झाला तरी ताण फारसा बदलत नाही. असा ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर परत येत नाही. म्हणून हेड उतरवले की या इंजिनांना गॅस्केटबरोबर बोल्टही नवे घालतात.