‘ड्रॅक्युला’तील ख्रिस्तप्रसादाची कुळकथा

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत धर्मगुरूने पवित्र केलेली बेखमीर पिठाची पातळ चकती, हाताने चुरून लांबीसारख्या लगद्यात मळतात आणि त्याच्या वळ्या करून थडग्याच्या दाराच्या फटी बुजवतात, जेणेकरून रक्तपिपासू झालेल्या ल्यूसीला आत परतता येऊ नये. पॉलिडोरी यांची ‘द व्हँपायर’ (१८१९) आणि ल फानू यांची ‘कार्मिला’ (१८७२) या आधीच्या प्रसिद्ध कथांत हे शस्त्र नाही. त्याचे मूळ पिशाच्चकथांपेक्षा मध्ययुगीन लोकश्रद्धेत शोधावे लागते.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रसादातील भाकर व द्राक्षारस यांचे बाह्यरूप तसेच राहून त्यांचे तत्त्व ख्रिस्ताच्या देहात व रक्तात पालटते, हा सिद्धान्त अधिकृतपणे मांडला. चकतीत साक्षात देव आहे म्हटल्यावर तिचा घरगुती तोडग्यांसाठी उपयोग करण्याचा मोह होणे अटळच होते. हाइस्टरबाखचा सीझेरियस हा तेराव्या शतकातील जर्मन संन्यासी सांगतो की, एका बाईने मरू लागलेल्या मधमाश्या वाचाव्यात म्हणून चकती पोळ्यात ठेवली, तेव्हा माश्यांनी तिच्याभोवती मेणाचे चिमुकले प्रार्थनागृह बांधले.

पुढे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चने १५७१ च्या धर्मसूत्रांत हा सिद्धान्त नाकारला. डब्लिनच्या प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या स्टोकर यांनी तरीही तो कथेच्या केंद्रस्थानी आणला, आणि हीच त्यांची खरी प्रतिभा होय. कारण रक्तपिपासू ड्रॅक्युला कादंबरीची नायिका मीना हिला स्वतःच्या छातीतील रक्त पाजतो, तो प्रसंग म्हणजे ख्रिस्ताच्या रक्तातून चिरंतन जीवन देणाऱ्या संस्काराचे जाणीवपूर्वक केलेले विडंबन आहे. म्हणूनच त्यानंतर तिच्या कपाळाला चकती टेकताच कातडी भाजते, आणि रक्षण करणारी वस्तूच तिच्या भ्रष्टतेची साक्ष देते.

मात्र व्हॅन हेल्सिंग या वापराला ‘इंडल्जन्स’चा आधार सांगतात, तो शास्त्राला धरून नाही. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापासाठी उरलेल्या ऐहिक शिक्षेतून मिळणारी सूट. आगाऊ परवानगी नव्हे. प्रसाद जादूटोण्यासाठी पळवला जाऊ नये म्हणून तो कुलूपबंद ठेवण्याची आज्ञा त्याच लॅटरन परिषदेने दिली होती, आणि तो निष्काळजीपणे उघड्यावर ठेवणाऱ्या रक्षकाला ३ महिने पदावरून दूर करण्याची शिक्षाही ठरवली होती.