तारेतली तूट आणि हीटसिंक

* तारेतली तूट : २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने ५० मीटरवर ३ अँपिअर नेले, तर जाण्यायेण्यात सुमारे २.२ व्होल्ट हरवतात. ऑप-अँप दोन बारीक तारांनी टोकाचा दाब पाहतो आणि तेवढी भर घालतो. प्रवाह मात्र पॉवर ट्रान्झिस्टर वाहतो. पुरवठा १८ व्होल्ट आणि टोकाला १२ हवे असतील, तर उरलेले ३.८ व्होल्ट त्याच्यावर पडतात : ११ वॉटहून जास्त निव्वळ उष्णता. ही उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकचे गणित सहसा २५ अंशांवर मांडतात. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हातली पत्र्याची पेटी त्याहून तापते. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तूटही वाढते. खानदेशातल्या वाचकाने हिशेब निदान ५५ अंशांपासून सुरू करावा.