ठोसा कोणाचा, निकाल कोणाचा?

जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिलीच असेल. दोन मल्ल भिडतात, एकाची पाठ मातीला लागते, हलगी कडाडते आणि निकाल होतो. तिथे पंच असतो तो नावापुरताच, कारण पाठीची माती सगळ्या गावाला दिसते. पण कुस्ती लांबली आणि कोणीच चीत झाला नाही, तर? मग पंचाला तोंड उघडावे लागते आणि बहुतेक वेळा भांडणही तिथूनच सुरू होते. आज मी तुम्हांला अशाच एका निकालाची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या मातीतली नाही, अमेरिकेतल्या मुष्टियुद्धाची आहे. पण तिच्यातला प्रश्न तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे.

साल १९४७, तारीख ५ डिसेंबर. न्यूयॉर्क शहरातल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठरा हजारांवर माणसे जमली होती. रिंगणात एका बाजूला होता जो लुई, सर्वांत वजनदार गटाचा जगज्जेता. १९३७ साली मिळवलेले विजेतेपद त्याने तेवीस वेळा राखले होते. त्याच्या हातात अशी ताकद होती की, एक ठोसा नेमका बसला म्हणजे समोरचा गडी आडवा झालाच म्हणून समजा. दुसऱ्या बाजूला होता जर्सी जो वॉलकॉट. याचे खरे नाव अर्नोल्ड क्रीम. लहानपणीच बाप वारला, घर चालवण्यासाठी कारखान्यात राबावे लागले, पुढे सहा मुलांचा संसार. दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघांचाही जन्म १९१४ चा. पण एकाचे नाव जगभर झालेले, तर दुसऱ्याला फारसे कोणी मोजतच नव्हते. पैजा लावणारे लुईच्या बाजूने दहास एक भाव देत होते.

आता पाहा काय झाले ते. पहिल्याच फेरीत लुई खाली पडला, आणि चौथ्या फेरीत पुन्हा पडला! वॉलकॉटपाशी लुईइतकी ताकद नव्हती, पण पायांत विलक्षण कसब होते. तो डावीकडे जातोसे दाखवून उजवीकडे वळे, पाठ फिरवल्यासारखे करी आणि मध्येच ठोसा हाणी. लुई पुढे पुढे येत होता, पण नेम धरावा तोवर समोरचा गडी जागेवरून नाहीसा झालेला असे. शेवटच्या फेऱ्यांत मात्र वॉलकॉट मागे मागे सरकत राहिला. आपण जिंकतच आहोत, आता धोका कशाला पत्करायचा, असा त्याचा हिशेब. पंधरा फेऱ्या संपल्या. लुई स्वतःच इतका निराश झाला होता की, निकाल ऐकण्याआधीच तो रिंगण सोडून निघाला. त्याला थांबवून घ्यावे लागले.

निकाल तिघांच्या हाती होता. रिंगणातले पंच रूबी गोल्डस्टीन यांनी सात फेऱ्या वॉलकॉटला, सहा लुईला आणि दोन बरोबरीच्या दिल्या. बाहेर बसलेल्या दोन परीक्षकांपैकी एकाने आठ विरुद्ध सहा आणि एक बरोबरीची, तर दुसऱ्याने नऊ विरुद्ध सहा असा कौल लुईला दिला. दोन मते विरुद्ध एक. लुई जगज्जेता राहिला आणि प्रेक्षकांनी निकालाची हुर्यो उडवली.

तुम्ही विचाराल, दोनदा पडलेला माणूस जिंकला कसा? यात लबाडी होती काय? तसे म्हणायला पुरावा लागतो, आणि एवढ्यावरून तो मिळत नाही. अडचण मोजण्याच्या रीतीतच होती. तेव्हा तिथे फेऱ्या मोजत असत. ज्या फेरीत लुई आडवा झाला ती वॉलकॉटची एक फेरी. आणि ज्या फेरीत लुईने दोन-चार ठोसे जास्त मारले, तीही लुईची एकच फेरी. रुपया आणि आणा एकाच मोलाने मोजावेत तसा हा प्रकार! शिवाय, मागे सरून वार चुकवणे याला कौशल्य म्हणायचे की पळपुटेपणा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. विजेत्याकडून पद हिसकावून घ्यायचे तर ते ठणठणीतपणे घ्यावे, असाही एक समज होता. आज रीत बदलली आहे. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ, आणि तो खाली पडला असेल तर साधारणपणे आठ. तरीही वाद संपलेले नाहीत, कारण गुण मांडणारा डोळा माणसाचाच आहे.

पुढची गोष्ट ऐका. २५ जून १९४८ ला दोघे पुन्हा भिडले. तिसऱ्या फेरीत लुई पुन्हा पडला, पण अकराव्या फेरीत त्याने वॉलकॉटला असे झोपवले की परीक्षकांचे कामच उरले नाही. वॉलकॉटने हाय खाल्ली नाही. चार वेळा विजेतेपद हुकल्यावर पाचव्या प्रयत्नात, १८ जुलै १९५१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने एझर्ड चार्ल्सला सातव्या फेरीत पाडून ते मिळवलेच. पुढल्याच वर्षी रॉकी मार्सियानोशी लढताना तो तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर पुढे होता. पण तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि सारे गुण पाण्यात गेले. कौशल्य मोठे की ताकद, या वादाचे उत्तर वॉलकॉटला दोन्ही बाजूंनी मिळाले.

आणि आता खरी मौज. ज्याच्यावर अन्याय झाला असे लोक म्हणत, तोच वॉलकॉट पुढे पंच झाला. २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातल्या लुइस्टन गावी महंमद अली आणि सनी लिस्टन यांची लढत होती. पहिल्याच फेरीत लिस्टन कोसळला. नियम असा की, पाडणाऱ्याने मोकळ्या कोपऱ्यात जावे आणि पंचाने दहा अंक मोजावेत. अली जाईना; तो लिस्टनच्या उशाशी उभा राहून ओरडत होता. त्याला आवरण्याच्या गडबडीत वॉलकॉटची मोजणीच राहून गेली. लिस्टन उठला, लढत पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात बाहेर बसलेल्या एका पत्रकाराने ओरडून सांगितले की, दहा सेकंद केव्हाच उलटले. त्या पत्रकाराला काही अधिकार नव्हता. तरी वॉलकॉटने त्याचे ऐकले आणि लढत थांबवून अलीला विजयी ठरवले. तो गोंधळ आजही चर्चिला जातो.

म्हणून वॉलकॉटला दोष द्यायचा का? मला तसे वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला न्याय सोपा दिसतो; शिट्टी आपल्या हाती आली म्हणजे तो किती अवघड ते कळते. पुढे १९७५ पासून काही वर्षे न्यू जर्सी राज्याच्या मुष्टियुद्ध मंडळाचे अध्यक्षपद वॉलकॉटनेच सांभाळले. चूक झालेल्या माणसाला पुन्हा जबाबदारी मिळाली, आणि त्यानेही ती टाळली नाही.

गुरुजी, तुम्ही उत्तरपत्रिका तपासता. गावकरी हो, तुम्ही जत्रेत पंच म्हणून बसता. मोजमाप काय, ते आधी सर्वांना सांगा. पडणे किती मोलाचे आणि उठणे किती मोलाचे, हे लढत सुरू होण्यापूर्वी ठरवा. मग हरणाराही निकाल मानेल. आणि एवढे करूनही चूक झालीच, तर अर्नोल्ड क्रीमची आठवण ठेवा. निकाल विरुद्ध गेला म्हणून त्याने मैदान सोडले नाही, आणि निकाल देताना चुकला तेव्हाही त्याने मैदानाकडे पाठ फिरवली नाही.