परिपत्रकाला भरती-ओहोटी कळत नाही

महाराष्ट्रातल्या मुलांच्या सुरक्षिततेचा इतिहास तारखांनी सांगायला बसलं, तर जवळजवळ प्रत्येक तारीख अपघाताची निघते. आधी अपघात, मग हळहळ, मग परिपत्रक. परिपत्रक शाळेच्या फाइलमध्ये जातं आणि तिथेच राहतं, पुढच्या तारखेपर्यंत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर कोसळला की नंतर एक टिपण लिहावं लागतं, त्याला 'पोस्टमॉर्टेम'च म्हणतात. काय झालं, का झालं, कुणाच्या लक्षात कधी आलं, हे सगळं त्यात येतं. शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा असतो: हीच गोष्ट दुसरीकडे होऊ घातली असेल, तर तिथल्या माणसाला ते आधी कसं कळेल? सिंधुदुर्गातल्या आणि बाहेरच्या काही घटना मी हाच प्रश्न घेऊन पाहिल्या.

आधी जबाबदारी कुणाची ते पाहू. आपल्याकडे गावातली प्राथमिक शाळा बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची असते. १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२पासून कामाला लागल्या. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा या जिल्ह्याच्या शाळांचा कारभारही वेगळा झाला. वर शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. परिपत्रक या पायऱ्यांनी खाली येतं. खालून वर जातो तो अहवाल, 'कार्यवाही केली' असं लिहिलेला.

आता पहिली तारीख. १ फेब्रुवारी २०१६, मुरूड-जंजिरा. पुण्याच्या एका कॉलेजची सहल रायगडच्या या किनाऱ्यावर आली होती. मुलं पाण्यात उतरली आणि १४ जण बुडाले. सगळं राज्य हादरलं. त्याच महिन्यात शिक्षण खात्याने शाळांच्या सहलींसाठी नियमांची लांबलचक यादी काढली. समुद्रकिनारे टाळा, नद्या टाळा, विहिरी टाळा, डोंगर टाळा. वर मुख्याध्यापकांनी हमीपत्र द्यायचं. मुख्याध्यापकांच्या संघटना यावर नाराज झाल्या, आणि ते समजण्यासारखं आहे. एवढं सगळं टाळून महाराष्ट्रात सहल न्यायची कुठे?

मालवण तालुक्यातल्या शाळांसाठी तर हा नियम अजबच होता. इथल्या कितीतरी शाळांच्या मागे सुरूची झाडं आहेत आणि झाडांच्या मागे समुद्र. ही मुलं किनाऱ्यावर सहलीला जात नाहीत, ती किनाऱ्यावरच राहतात. मधल्या सुट्टीतही लाटांचा आवाज त्यांच्या कानावर असतो. त्यांना 'समुद्र टाळा' सांगणं म्हणजे पुण्याच्या मुलाला 'रस्ता टाळा' सांगण्यासारखं आहे. रस्ता टाळता येत नाही, म्हणून आपण तो ओलांडायला शिकवतो.

दुसरी तारीख १५ एप्रिल २०१७. जागा मालवणचा वायरी भूतनाथ किनारा, मालवण शहर आणि तारकर्ली यांच्या मधला. बेळगावच्या मराठा मंडळ इंजिनिअरिंग कॉलेजचा गट इथे आला होता. पाण्यात उतरलेल्यांपैकी आठ जण बुडाले.

त्या वर्षी मीही इंजिनिअरिंगला होतो. 'आयव्ही', म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, या शब्दाचा अर्थ आम्हाला पक्का माहीत होता: एक कंपनी आणि एक बीच. कंपनीत सेफ्टी हेल्मेट देतात आणि पिवळ्या रेषेच्या आत चाला म्हणून सांगतात. बीचवर बस थांबते, दार उघडतं, आणि सगळे पळत सुटतात. मालवणच्या बातम्या आम्ही हॉस्टेलवर फोनवर वाचल्या. त्यातली मुलं आमच्याच वयाची होती. त्यांच्याकडेही आमच्यासारखंच सबमिशनचं टेन्शन असणार, आमच्यासारखेच ग्रुप फोटो.

मुरूड आणि मालवण या दोन तारखांमध्ये साडेचौदा महिने आहेत. या काळात मुरूडचं दुःख बेळगावपर्यंत नक्की पोचलं होतं, बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मुरूडचा धडा मात्र पोचला नाही. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याचं परिपत्रक कर्नाटकातल्या कॉलेजला लागू नव्हतं, आणि लागू असतं तरी त्यात एवढंच होतं की जाऊ नका. गेलंच तर काय करायचं, ते कुठे होतं?

आता समुद्राकडे वळू, कारण 'पाणी खोल होतं' या एका वाक्यात आपण बहुतेक अपघात गुंडाळून टाकतो. लाटा किनाऱ्यावर पाणी आणतात, ते पाणी परत आत जावं लागतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट वाट असेल तर ते सगळं तिथूनच जोरात परततं. इंग्रजीत याला 'रिप करंट' म्हणतात. फसवणूक अशी, की या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. घाबरलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, प्रवाहाशी झुंजत दमतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं, पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा, एवढीच ती माहिती. आणखी एक: बुडणाऱ्याला वाचवायला हातात हात धरून साखळी करत आत जायचं नसतं. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकायचं. नाहीतर एकाचे चार होतात.

तारकर्ली-देवबाग पट्ट्यात कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाजवळ वाळू सतत जागा बदलते. मागच्या वर्षी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे या वर्षी काय असेल ते गुगल मॅप सांगत नाही. रापण ओढणाऱ्याला किंवा होडीवाल्याला ते माहीत असतं. आमच्याकडे लहानपणापासून ऐकू येणारं वाक्य आहे, "दर्याक पाठ करू नको." हे वाक्य परिपत्रकात बसत नाही, पण त्यात अख्खं प्रशिक्षण आहे: लाट येताना बघायची.

या किनाऱ्याला बंदी कशी घालावी हेही माहीत आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. मग नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर गर्दी होते, समुद्राला नारळ अर्पण होतो आणि दर्या पुन्हा उघडतो. या बंदीला सुरुवात आहे, शेवट आहे आणि सगळ्यांना पटलेलं कारण आहे: खवळलेलं पाणी आणि माशांच्या विणीचा काळ. 'किनारे टाळा' या बंदीला यातलं काहीच नव्हतं.

हाच प्रश्न गर्दीलाही विचारता येतो. आमच्याकडे दिवाळीनंतर शाळाशाळांत स्नेहसंमेलनांचा मोसम सुरू होतो. मांडव, पडदे, जनरेटर, पहिल्या रांगेत पाहुणे आणि शेवटच्या रांगेत खुर्चीवर उभे राहून मोबाइलवर शूटिंग करणारे बाबा. शाळेच्या वर्षातला हा सगळ्यात आनंदाचा दिवस. आणि भारतातल्या सगळ्यात भीषण आगींपैकी एक अशाच दिवशी लागली. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली. डीएव्ही शाळेचा वार्षिक बक्षीस समारंभ एका मंगल कार्यालयात चालला होता. वर कृत्रिम कापडाचा मांडव होता. शॉर्टसर्किट झालं आणि जळतं कापड लोकांच्या अंगावर पडलं. बाहेर पडायची वाट अपुरी पडली. ४४२ जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. २००४मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. आज शाळेच्या भिंतीवर जो लाल अग्निशामक दिसतो, त्याच्यामागे ही नावं आहेत. पण तो नळकांडा चालवायचा कसा, पिन कुठली ओढायची, हे विचारून बघा किती जणांना सांगता येतं.

गर्दीचा दुसरा धडा जवळचा आहे. २५ जानेवारी २००५, साताऱ्यातल्या वाईजवळची मांढरदेवी. डोंगरावरचं देऊळ, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. आधी चेंगराचेंगरी, मग दुकानांना आग. जवळपास ३०० माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

याच्या शेजारी आंगणेवाडीची जत्रा ठेवून बघा. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याची ही छोटी वाडी, आणि दीड दिवसाच्या जत्रेला लाखोंनी माणसं येतात. भरड म्हणजे कातळाची मोकळी जमीन, त्यावर प्रकट झाली म्हणून देवी भराडी, असं सांगतात. जागा मोकळी आहे हा पहिला फायदा. दुसरा फायदा विचार करण्यासारखा आहे. या जत्रेची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे ती जाहीर होणं हीच मोठी बातमी असते. त्या दिवसापासून मुंबईतले चाकरमानी कोकण रेल्वेची तिकिटं बघायला लागतात, एसटी जादा गाड्या लावते, प्रशासनाच्या बैठका होतात, पार्किंग कुठे, रांगा किती, आरोग्य पथक कुठे, हे ठरतं. गर्दी येण्याआधी गर्दीची बातमी सगळ्यांपर्यंत पोचते. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे अलर्ट आधी वाजतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४मध्ये गर्दीच्या नियोजनावर जाडजूड मार्गदर्शिका काढली. तिचा गाभाही हाच आहे: किती लोक येणार, कुठून आत जाणार, कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवा.

शेवटची तारीख अगदी अलीकडची. ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेतच दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला. शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही लावावेत, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी-सावित्री समिती नेमावी. यातली तक्रारपेटी २०१७पासून आणि सखी-सावित्री समिती २०२२पासून कागदावर होतीच. निर्णय योग्यच आहेत. पण कॅमेरा फक्त नोंद ठेवतो. नोंद असणं आणि कुणाला तरी वेळेत कळणं यात फरक आहे. रोज कॅमेरा कोण बघतं? पेटी कोण, कधी उघडतं? पाच वर्षांच्या मुलीला पेटीत चिठ्ठी टाकता येते का, की तिला विश्वासाने सांगता येईल अशी एक बाई शाळेत हवी?

या सगळ्या तारखा एकत्र ठेवल्या की माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. प्रत्येक अपघाताने नियम दिला. पुढच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसापर्यंत साधी माहिती मात्र क्वचितच पोचवली. नियम संस्थेला वाचवायला लिहिला जातो, म्हणून त्यात हमीपत्र असतं. माणसाला वाचवायला लिहिला असता तर त्यात 'समांतर पोहा' असतं.

ही माहिती शिकवता येते, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. बांगलादेशात गावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हजारो मुलांना पोहायला आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे वाचवायला शिकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांसाठी हाच मार्ग सुचवते. २०२१पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस आहे. आमच्याकडे तेव्हा मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. एखाद्या मच्छीमार काकांना तासभर वर्गात बोलवायला याहून बरा दिवस नाही. समुद्रात कुणालाच उतरवायचं नाही, फळ्यावर लाट काढायची आणि पाणी परत कुठून जातं ते दाखवायचं. स्नेहसंमेलनाला पहिल्या नाचाआधी अर्ध्या मिनिटात सांगायचं, की बाहेर जायच्या वाटा या दोन, त्यांच्यापुढे गाड्या लावू नका.

आणि ज्या बस बाहेरून येतात, त्यांचं काय? बेळगाव, कोल्हापूर, पुणे, हुबळी. त्या बसमधल्या मुलांना आमचं परिपत्रक लागू नाही आणि आमच्या आजीचं वाक्य त्यांनी ऐकलेलं नाही. मुलं मालवणात उतरली की कुठल्यातरी होमस्टेच्या अंगणात चहा घेतात, कुठल्यातरी टपरीवर पाण्याच्या बाटल्या विकत घेतात. तिथे उभ्या असलेल्या आमच्या माणसाने मराठीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगायची आहेत: आज भरती कधी आहे, आणि कुठल्या जागी उतरायचं नाही. मुरूडहून मालवणला साडेचौदा महिन्यांत जे पोचलं नाही, ते टपरीपासून किनाऱ्यापर्यंत पोचवायला दोन मिनिटं लागतात.