दीड गुंज दारू

शस्त्रांचा इतिहास म्हटला कीं तो उत्तरोत्तर मोठा बार, लांबचा पल्ला व खोल जखम यांचाच असावयाचा, असा आपला समज असतो. तो बहुतांशीं खराहि आहे. परंतु या इतिहासाच्या एका कोपऱ्यांत उलट दिशेनें वाहणारा एक बारीक प्रवाह आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील कांहीं गृहस्थ रिव्हॉल्व्हरचीं काडतुसें घरींच, आणि तींहि मुद्दाम सौम्य, भरूं लागले. कागदाच्या लक्ष्याला भोंक पाडणें एवढीच त्यांची आकांक्षा होती.

घरीं काडतूस भरण्याची सोय केली ती मुख्यतः न्यू हेवन येथील जॉन बार्लो यानें. १८८४ सालीं त्यानें 'आयडियल' नांवाचा कारखाना काढला व अडकित्त्यासारखें एक हत्यार विकावयास ठेविलें. त्यानें बुडाची उडालेली केप काढतां येई, नवी बसवितां येई, गोळीहि घट्ट दाबतां येई. काडतुसांत महाग भाग पितळी पुंगळीचा, आणि ती तर पुनःपुन्हा वापरतां येते. तेव्हां काटकसरी माणसांना हा अडकित्ता आवडला यांत नवल नाहीं.

सौम्य बाराला खरें घर मिळालें तें मात्र .३८ स्पेशल या काडतुसांत. स्मिथ अँड वेसन यांनीं तें शतक संपतां संपतां काढलें. सैन्यांतील जुनें .३८ दुबळें, म्हणून याची पुंगळी वाढवून तींत सुमारें २१ ग्रेन काळी दारू मावेल अशी योजना केली. म्हणजे जन्मतः हें अधिक जोराचें! परंतु फ्रान्समध्यें १८८४ त निघालेली बिनधुराची दारू एव्हांना पिस्तुलापर्यंत पोंचली होती. १८९८ सालची 'बुल्सआय' ही त्यांतलीच. ती इतकी त्वरित जळे कीं लक्ष्यभेदाच्या हलक्या बारास तीन ग्रेनांच्या आसपास पुरे. आपला तोळा १८० ग्रेनांचा व गुंज त्याचा शहाण्णवावा भाग. तेव्हां सोनाराच्या तराजूंत ही दारू जेमतेम दीड गुंज भरेल. एकवीस ग्रेनांच्या वाड्यांत तीन ग्रेनांचा भाडेकरू येऊन राहिला.

रिव्हॉल्व्हरचा नेम पुष्कळदां भीतीनें चुकतो. येणारा धक्का ओळखून चाप ओढण्यापूर्वींच मनगट दचकतें. धक्का सौम्य झाला कीं ही दचक ओसरते. पुढें गोळीचें नाकहि सपाट केलें गेलें. गोल नाकाची गोळी कागद फाडून जाते, मग भोंक रेषेला टेकलें कीं नाहीं यावरून पंचांत तंटे. सपाट गोळी तिकिट-तपासनिसाच्या चिमट्याप्रमाणें स्वच्छ वाटोळें भोंक पाडते.

मात्र सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. काळ्या दारूनें पुंगळी भरून जाई. चुकून दुसरें माप ओतलें तर तें बाहेर सांडे. नव्या दारूनें पुंगळीचा बराच भाग रिकामा राहूं लागला. तेथें दुप्पट माप पडलें तरी गोळी बसल्यावर बाहेरून कांहीं कळत नाहीं, आणि असा बार रिव्हॉल्व्हरचें चक्रच फोडूं शकतो. उलट माप फार कमी पडलें किंवा राहूनच गेलें, तर गोळी नळींत अडकते. 'फुसका निघाला' म्हणून माणूस पुढला बार काढतो, आणि नळी फुगते वा फाटते. सौम्यतेलाहि अशी खालची मर्यादा आहे. म्हणून जाणता मनुष्य पुंगळ्या भोंकांच्या लांकडी फळींत उभ्या करतो, आणि गोळ्या बसविण्यापूर्वीं दिव्याच्या उजेडांत प्रत्येकींत डोकावतो. अशा वेळीं त्याच्याशीं कोणी गप्पा मारूं नयेत हें बरें.

जोराची हौस अर्थातच मेली नव्हती. एल्मर कीथसारखे शिकारी लेखक तशाच अडकित्त्यांनीं दांडगे बार भरीत होते. १९३५ त स्मिथ अँड वेसन यांनीं .३५७ मॅग्नम काढलें, व हें काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरांत शिरूं नये म्हणून त्याची पुंगळी सुमारें अष्टमांश इंच लांब ठेविली. लांब पुंगळी आखूड घरांत जात नाहीं. आखूड मात्र लांब घरांत खुशाल जाते. त्यामुळें मॅग्नम रिव्हॉल्व्हर हौसेनें विकत घेणारे पुष्कळ लोक सुटीच्या दिवशीं त्यांत .३८ चीं सौम्य काडतुसेंच घालून कागदावर नेम धरतात.