तीन तासांचा निबंध : एका परीक्षेचा इतिहास

१/ मोहोळच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आज घड्याळाकडे लक्ष ठेवून मराठीत निबंध लिहितो, तेव्हा त्यात कोणालाच नवल वाटत नाही. परंतु ठरावीक वेळेत, ऐनवेळी समोर आलेल्या विषयावर स्वतःचे मत मांडण्याची ही रीत महाराष्ट्रात रुजून पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत. आणि प्रारंभीच्या एका विद्यार्थ्याला अशा मताची किंमत मोजावी लागली होती.

२/ ‘निबंध’ हा शब्द मात्र फार जुना. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक ग्रंथांतील वचने एकत्र बांधून केलेला संग्रह. देवगिरीच्या यादवांकडील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ किंवा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हे या परंपरेतले ग्रंथ. तेथे बळ असे ते पूर्वसूरींच्या वचनांचे. लेखकाचे खाजगी मत त्यापुढे गौण.

३/ लेखी परीक्षेतून माणसे निवडण्याची प्रथा चीनमध्ये शतकानुशतके होती. उमेदवारांना छोट्या खोल्यांत बसवून निबंध लिहून घेत. ही पद्धत १९०५ मध्ये बंद झाली. इकडे हिंदुस्थानातील सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली, आणि उत्तरपत्रिका हे सत्तेचे दार बनले.

४/ १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था आरंभी शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला १३२ उमेदवार बसले, त्यांतले केवळ २२ उत्तीर्ण झाले.

५/ त्याच काळात मुंबईकडून निघालेला लोहमार्ग सोलापूरच्या दिशेने सरकत होता. २३ जानेवारी १८६० रोजी तो मोहोळपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला भिडला. बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. परीक्षेची मुंबई आता मोहोळच्या माणसाच्या आवाक्यात आली होती. परीक्षेची इंग्रजी भाषा मात्र अद्याप दूरच होती.

६/ पहिल्या मॅट्रिकच्या यशस्वी विद्यार्थ्यांत निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये भांडारकर, मोडक आणि वागळे यांच्यासह ते विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. आजच्यासारखी तयार उत्तरांची पुस्तके त्यांच्या हाताशी नव्हती. तयारी म्हणजे मूळ ग्रंथांचे अफाट वाचन. त्या वाचनाने त्यांची दृष्टी कायमची अधू झाली.

७/ विद्यार्थिदशेतच रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राजवटीशी तुलना केली आणि झुकते माप मराठ्यांना दिले. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे अलेक्झांडर ग्रँट या शिष्याचे मोठे चाहते होते. तरीही त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली.

८/ येथेच नव्या निबंधाचा पेच उघड होतो. जुना निबंध परंपरेचे वचन मागे, नवा निबंध लिहिणाऱ्याचा विवेक. परंतु तो विवेक सत्तेला अडचणीचा ठरला, तर मात्र शिक्षा होई.

९/ १८६० च्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठीला बाजूला सारण्यात आले. तिच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आल्या. पदवीधराला इंग्रजीत तर्कशुद्ध लिहिता येई. मायबोलीत तसे लिहिण्याचा सराव मात्र त्याला कोणी देत नसे.

१०/ ही उणीव परीक्षागृहाबाहेर भरून निघाली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. तिच्यातील ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध सरकारने १९१० मध्ये जप्त केला. ती बंदी उठली १९३७ मध्ये. चिपळूणकर जाऊन तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

११/ विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा त्यांनी १८९८ मध्ये इंग्रजीत लिहिला, कारण ज्यांना पटवायचे होते त्यांची भाषा ती होती. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. त्याच सुमारास एम. ए.च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला.

१२/ पुढे विद्यापीठच मोहोळच्या जवळ येत गेले. १९४९ मध्ये पुणे, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ मध्ये खुद्द सोलापूर. आता परीक्षेसाठी बोरघाट उतरावा लागत नाही आणि मराठीत लिहिण्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही.

१३/ मात्र पाठ केलेले परिच्छेद जोडून उत्तरपत्रिका भरणारा विद्यार्थी नकळत जुन्या संग्रहाकडेच परततो, आणि तेही हेमाद्रीच्या व्यासंगावाचून. परीक्षेच्या तयारीत वाचन हवे, आराखडा हवा, वेळेचे भानही हवे. पण त्या तीन तासांत निदान एक वाक्य स्वतःचे असावे. ज्या वाक्यापायी रानड्यांची शिष्यवृत्ती थांबली, ते लिहिण्याची मोकळीक आज मोहोळच्या विद्यार्थ्याला विनामूल्य मिळालेली आहे.